सासूबाई आणि सरकता जिना

माझ्या सासूबाई सिन्नरच्या, वय चौऱ्याहत्तर. नाशिकरोड स्टेशनावर सरकत्या जिन्यापुढे पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण पाय टाकायचा कधी?"

खरा प्रश्न तोच. जिन्याच्या तोंडाशी दोन-तीन पायऱ्या सपाट सरकतात, मग वर उचलल्या जातात. पाय टाकायचा तो त्या सपाट भागात, पिवळ्या रेघांच्या मधोमध. रेघेवर उभं राहिलात तर पायाखालची पायरी दुभंगते आणि तोल जातो. आधी कठडा धरायचा, मग पाय. कठड्याचा पट्टा कधीकधी पायऱ्यांपेक्षा किंचित पुढेमागे सरकतो, म्हणून हात अधूनमधून उचलून पुन्हा ठेवायचा. वर जाताना मी त्यांच्या एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे. पिशव्या माझ्याकडे.

पदर खोचून घ्यायचा, निऱ्या हातभर उचलायच्या. जिन्याच्या कडेला जो ब्रश असतो तो चपला पुसायला नाही हो! पाय कडेच्या फटीजवळ गेला, हे सांगायला आहे. साडीचा काठ, ओढणी, मऊ रबरी चपला तिथेच अडकतात. अडकलंच तर वर-खाली दोन्ही टोकांना लाल बटण असतं. दाबण्याआधी "घट्ट धरा!" असं ओरडा, कारण जिना गचकन थांबतो.

रात्री पंचवटी एक्सप्रेस आली की सगळ्यात वाईट जागा म्हणजे जिन्याचं वरचं टोक. कुणीतरी तिथेच थांबून रिक्षावाल्याला फोन लावतो. जिना बिचारा मागून माणसं ओततच राहतो. उतरलात की आठ-दहा पावलं चालत राहा.

डावीकडे उभं राहा, उजवीकडून चाला, असले नियम मला पटत नाहीत. लंडनमध्ये उजवीकडे उभं राहतात, पण तिथल्याच होबर्न स्टेशनात २०१५ साली दोन्ही बाजूंना उभं करून पाहिलं तर गर्दीत जास्त माणसं वर गेली. आपल्याकडे तर बॅगांनीच पायरी भरते. घाई असेल त्याने साधा जिना चढावा.

व्हीलचेअर, बाबागाडी, वॉकर, नुकतंच ऑपरेशन झालेला गुडघा, यांना लिफ्टच. तुम्ही धडधाकट असाल आणि मागे व्हीलचेअर दिसली तर लिफ्टमधून बाहेर या. दृष्टिहीन माणसाला दंड धरून ओढू नका. आधी विचारा, हो म्हणाले तर आपलं कोपर द्या, जिना वर जातोय की खाली ते सांगा, त्यांचा हात कठड्यावर ठेवा. बंद पडलेला जिना मात्र टाळा. त्याच्या पायऱ्या उंच असतात, टोकांना तर एकसारख्याही नसतात.

आणि कुणी तोंडाशी अडखळलं तर मागून ढकलू नका. २०२७च्या सिंहस्थाला असे कितीतरी जण येतील. "आजी, जरा बाजूला उभ्या राहा, दोघी मिळून जाऊ" एवढं म्हटलं तरी पुरतं.

परवा सासूबाईंनी स्वतःच पदर खोचला, पाय टाकला, आणि वर पोचताच समोर थबकलेल्या पोराच्या पाठीवर हलकेच थाप मारली. "सरक बाळा, पुढे जाऊन बोल."