भीतिदायक बालचित्रपट मुलांना दाखवायचा का? ख्रिस्ती पालकांनी पारख कशी करावी

सुट्टी लागली की हा प्रश्न घरात येतोच. पोस्टरवर काळोख, सांगाडे, रिकाम्या डोळ्यांच्या बाहुल्या, आणि मुलगी म्हणते, "वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलाय." काही पालक पोस्टर पाहूनच नाही म्हणतात, तर काही "कार्टूनच तर आहे" म्हणून रिमोट देऊन टाकतात. पारख दोघांचीही होत नाही. सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगलं ते बळकट धरा, असं पौल थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहितो. ही पारख आपण एका चित्रपटावर करून पाहू: हेन्री सेलिक यांचा २००९ मधला अ‍ॅनिमेशनपट 'कोरलाइन'. नायिकेचं नावही तेच.

आधी स्वतः पूर्ण पाहा

ट्रेलरवरून ठरवू नका. प्रमाणपत्र जरूर पाहा. २०२४ च्या नियमांपासून आपल्याकडे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वेगळे गट आहेत; त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचं. पण मारामारी, भाषा, भीती यांचा अंदाज देण्यापलीकडे प्रमाणपत्र जात नाही. चित्रपट मुलाला कशावर भरवसा ठेवायला शिकवतो, हे आईवडिलांनीच पाहायचं. पाहताना जवळ वही ठेवा. दचकवणारी दृश्यं एका बाजूला लिहा, कथा काय सांगते ते दुसऱ्या बाजूला. पालकांची गल्लत बहुधा या दोन गोष्टींत होते.

वाईटाला वाईट म्हटलंय का?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. वाइटाला बरं आणि बऱ्याला वाईट म्हणणाऱ्यांना यशया धिक्कारतो (५:२०). चित्रपट गडद असला म्हणजे हे पाप त्याने केलंच असं नाही.

कोरलाइन नव्या घरी राहायला येते. आईवडील कामात बुडालेले, जेवण बेचव. भिंतीतल्या छोट्या दारापलीकडे तिला 'दुसरी आई' भेटते. ती पक्वान्नं करते, लाड करते. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी बटणं आहेत. तिथे कायमचं राहायचं तर कोरलाइननेही डोळ्यांवर बटणं शिवून घ्यायची, एवढीच अट. अंगावर काटा येतो खरा, पण मोहाचं इतकं प्रामाणिक चित्र मुलांच्या चित्रपटांत मी क्वचितच पाहिलं आहे. एदेनातलं फळही खायला चांगलं आणि डोळ्यांना मनोहर होतं. सैतानही तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो (२ करिंथ ११:१४). दुसऱ्या आईचं प्रेम म्हणजे गिळून टाकणं आहे, हे चित्रपट लपवत नाही. तिला भुललेली तीन मुलं आरशामागे कोंडलेली दिसतात. कोरलाइन घाबरलेली असूनही आपल्या खऱ्या, उणिवा असलेल्या आईवडिलांना सोडवायला परत जाते. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा समजावायला मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

शास्त्राने मना केलेलं काही सहज म्हणून आलंय का?

इथे मात्र थांबावं लागतं. शेजारच्या दोन वृद्ध नट्या चहाच्या पानांवरून भविष्य पाहतात आणि त्यांना दिसलेलं संकट खरंच येतं. त्यांनी दिलेल्या भोकाच्या दगडातून पाहून कोरलाइनला हरवलेल्या वस्तू सापडतात. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात शकुन पाहणं आणि मंत्रतंत्र देवाच्या लोकांना स्पष्ट मना आहे. इथे ते गमतीशीर आणि उपयोगी म्हणून येतं. त्याच नट्यांचा तोकड्या कपड्यांतला नाचही आहे. शेवटी सुटलेली मुलं पंख लावून स्वप्नात येतात. देवदूत ही देवाने केलेली वेगळी निर्मिती आहे, मेलेली मुलं देवदूत होत नाहीत, एवढं मुलांना सांगून ठेवा.

सुटका कुठून येते हेही पाहा. इथे ती हुशारीतून, दगडातून आणि एका मांजराच्या मदतीने येते. प्रार्थना नाही, देव नाही. एवढ्यावरून चित्रपट टाकून देऊ नये, पण ही रिकामी जागा आपण ओळखलेली असावी.

उजळ रंगांनी निश्चिंत होऊ नका

२०१७ चा 'कोको' रंगांनी आणि गाण्यांनी भरलेला आहे, म्हणून पालक निर्धास्त असतात. पण त्यात मृतांची आठवण कुणी ठेवली नाही तर ते कायमचे नाहीसे होतात. आजूबाजूला पितृपंधरवडा पाहणारी आपली मुलं याबद्दल विचारणारच. वसईतलं कॅथलिक कुटुंब २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतं, प्रोटेस्टंट कुटुंबात ती रीत नाही. तरी आपली माणसं आपल्या आठवणीवर नव्हे, पुनरुत्थित प्रभूच्या हाती सुखरूप आहेत, ही आशा दोघांचीही आहे. माझ्या मते 'कोको'नंतर 'कोरलाइन'पेक्षा जास्त बोलावं लागतं.

मग आपलं मूल पाहा

एकाला जे पचतं त्याने दुसरा अडखळू नये, हा करिंथकरांना दिलेला सल्ला भावंडांनाही लागू आहे. मोठा पाहतोय म्हणून धाकटीला त्याच खोलीत बसवू नका. 'कोरलाइन' मी दहाच्या पुढच्या मुलांना, आईवडिलांसोबत दाखवेन. सहा-सात वर्षांच्या मुलांना नाही. रात्री दचकून उठणाऱ्या मुलासाठी वय कितीही असो, थांबा.

सोबत बसा, नंतर विचारा

दुपारी पाहा, झोपण्याआधी नको. "बंद कर म्हणालास तर लगेच बंद करू" हे आधीच सांगा आणि तसंच करा. संपल्यावर प्रवचन नको, प्रश्न विचारा. दुसऱ्या आईचं काय आवडलं? ती खोटी आहे हे पहिल्यांदा कधी जाणवलं? तिने अट घातली तेव्हा तू काय केलं असतंस? चहाच्या पानांतलं भविष्य आपण का पाहत नाही? मूल गप्प राहिलं तर त्याला वेळ द्या. प्रश्न दोन दिवसांनी जेवताना येतो. भीती उरली असेल तर रात्री स्तोत्र २३ सोबत म्हणा. मृत्युच्छायेची दरी त्यातही आहे आणि तिथे मेंढपाळ सोबत आहे.

नाही म्हणायचं ठरलं तर कारण सांगा. मूल मावशीकडे राहायला जाणार असेल तर मावशीला आधी फोन करा, म्हणजे चारचौघांत नाही म्हणण्याचं ओझं मुलावर येणार नाही.