शो हंटरसाठी सायर निवडताना त्याची शिंगरं कशी तपासायची

अमेरिकेत शो हंटरसाठी (उडीची ढब आणि चाल बघून मार्क देतात अशा स्पर्धांचा घोडा) सायर, म्हणजे शिंगराचा बाप, शोधायचा म्हटलं की सगळे आधी लीडिंग सायरची यादी उघडतात. उघडा, पण तिथेच थांबू नका, कारण त्यात सगळ्या शिंगरांची (म्हणजे मोठ्या झालेल्या संततीचीही) कमाई एकत्र मोजलेली असते आणि ज्या स्टॅलियनकडे (प्रजननाच्या नर घोड्याकडे) ढीगभर घोड्या गेल्या तो आपोआप वर येतो.

म्हणून आधी भागाकार करा. समजा एकाची शोच्या वयाची 200 शिंगरं आहेत नि रिंगमध्ये दिसतात 20, दुसऱ्याची 30 आहेत नि दिसतात 12, तर मी दुसऱ्याकडे आधी बघेन. वय मात्र नीट धरा, घोडी 11 महिने गाभण, शिंगरू साधारण 3 वर्षांचं झाल्यावर त्यावर बसणं सुरू आणि उड्यांचे क्लास त्यानंतर, त्यामुळे 7-8 वर्षांच्या स्टॅलियनला शिंगरांवरून पास-नापास करणं घाईचंच. पोपाय के या स्टॅलियनसारखे, स्वतः हंटर रिंग गाजवून नंतर सायर म्हणूनही नाव काढलेले, थोडेच.

मग क्लास बघा. हंटरमध्ये जंपरसारखे (दुसरा उड्यांचा प्रकार) फॉल्ट, म्हणजे अडथळा पाडण्यासारख्या चुका, आणि वेळ मोजत नाहीत, जज 100 पैकी मार्क देतो ते चाल, उडीची ढब आणि शांतपणा बघून. टॉप प्रोफेशनलने डर्बीत (हंटरच्या मोठ्या क्लासमध्ये) 90 काढले तर त्यात घोड्याचं किती आणि रायडरचं किती ते कसं कळणार? त्यापेक्षा 3 फुटांच्या अमॅच्युअर आणि मुलांच्या क्लासमध्ये वेगवेगळे रायडर त्याच सायरच्या शिंगरांवर वर्षानुवर्षं रिबन घेतायत का ते शोधा. माझ्या मते खरी परीक्षा हीच, कारण शेवटी या घोड्यांवर बसणार असतात ते हेच लोक.

आता व्हिडिओ. विक्रीचे कापलेले तुकडे नकोत, पूर्ण राउंड बघा. पुढचे गुडघे वर आणि समान येतात का, पाठ गोल होते का, उडीनंतर कॅन्टरची (मध्यम दौडीची) लय तीच राहते का, लीड चेंज, म्हणजे दौडीत पुढे पडणारा पाय बदलणं, डोकं न झटकता होतो का. वेगवेगळ्या आयांपासून झालेल्या शिंगरांत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते बहुतेक सायरचं, एकातच दिसलं तर श्रेय आईचंही असू शकतं, म्हणून त्याच घोडीची दुसऱ्या सायरपासूनची शिंगरंही बघाच.

स्पर्धांच्या रेकॉर्डवर डोळे झाकून विसंबू नका, बऱ्याच घोड्यांच्या नोंदीत सायरचा रकाना कोराच असतो आणि विकल्यावर नावंही बदलतात.

शेवटी तुमच्या घोडीसारख्याच बांध्याच्या नि स्वभावाच्या घोड्यांपासून झालेली शिंगरं वेगळी काढा, दोन-तीनच निघाली तरी चालेल, पण निर्णय घेण्याआधी ती जमलं तर प्रत्यक्ष जाऊन बघा.