अंकी की अक्षरी? औपचारिक लेखनात संख्या कशा लिहाव्यात

अहवाल, इतिवृत्त किंवा शोधनिबंध लिहिताना 'पाच' लिहावे की '५', असा प्रश्न पडला की आधी एवढेच विचारा: वाचणारा ही संख्या पडताळणार आहे, की नुसती वाचून पुढे जाणार आहे? पडताळायची संख्या अंकी, ओघात येणारी अक्षरी.

मग मर्यादा ठरवा. एक ते दहा अक्षरी आणि ११ पासून अंकी, ही सोपी पद्धत. काही जण शंभरापर्यंत अक्षरीचा आग्रह धरतात. मराठीत तो वाचकाला जाचतो. आपल्याकडे शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचा शब्द वेगळा पाठ करावा लागतो आणि 'एकोणसत्तर', 'एकोणऐंशी' यांत भल्याभल्यांची गफलत होते. ६९ आणि ७९ मात्र पाहताक्षणी कळतात. संस्थेचे स्वतःचे लेखननियम असतील तर अर्थात तेच पाळा.

दिनांक, वर्ष, टक्केवारी, मोजमाप, पृष्ठ आणि कलम यांना ही मर्यादा लागू नाही. ती अंकीच: '५ किलोमीटर', '८ टक्के', 'कलम ७'.

आता खास मराठी जागा तपासा. खऱ्या चुका इथेच होतात. 'तिघांनी सही केली' याचे 'तीन सदस्यांनी' करता येईल, पण '३घांनी' कधीच नाही. दुप्पट, दोनदा, चौघी यांचेही तसेच. 'दहा-बारा', 'शे-दीडशे' हे अंदाज आहेत. ते अंकात लिहिले की नसलेला नेमकेपणा आल्यासारखा वाटतो. 'एक सदस्य म्हणाले' यातला 'एक' म्हणजे कोणीतरी, त्याचा '१' करू नका. अपूर्णांक मजकुरात 'दीड तास', 'अडीच वर्षे' असे लिहा आणि १.५, २.५ तक्त्यासाठी ठेवा. तसेही '१.५ तास' वाचताना तोंडात 'दीड'च येते.

एकाच वाक्यात तुलना असेल तर रूप एकच हवे. 'सात पुरुष आणि १४ महिला' नियमात बसते, पण खटकते. '७ पुरुष आणि १४ महिला' लिहा. वाक्याच्या सुरुवातीला अंक टाळा. 'ठराव मंजूर झाला. २७ सदस्य हजर होते.' इथे २७ हा पुढच्या मुद्द्याचा क्रमांक वाटू शकतो, म्हणून 'एकूण २७ सदस्य हजर होते' करा. वर्षाला मात्र सूट द्यावी. 'एकोणीसशे साठ साली' लिहिण्याचा अट्टहास कशाला? दोन संख्या शेजारी आल्या तर शब्दक्रम बदला: '१२ १०० पानी वह्या' नको, '१०० पानांच्या १२ वह्या' बरे.

मोठ्या संख्येत शून्ये मोजायला लावू नका. '३,२५,००,०००' तक्त्यात शोभते, मजकुरात '३ कोटी २५ लाख' पुरे.

करारनामा, पावती, धनादेश यांत रक्कम दोन्ही प्रकारे लिहितात आणि तिथे अक्षरी रकमेकडे जास्त लक्ष द्या. भारतात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार धनादेशावरील अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल, तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. म्हणून अंकी रक्कम झाकून अक्षरी मोठ्याने वाचा, दुसऱ्याला ती अंकात लिहायला सांगा आणि मग दोन्ही जुळवून पाहा.