जाळीदार पत्रं कशी वाचायची

बॉस्टन पब्लिक लायब्ररीने एकोणिसाव्या शतकातल्या गुलामगिरीविरोधी चळवळीची हजारो पत्रं स्कॅन करून खुली केली आहेत. डब्लिनचे रिचर्ड वेब, डार्लिंग्टनच्या एलिझाबेथ पीझ, ब्रिस्टलचे एस्टलिन बापलेक यांची पत्रं मी आवडीने उतरवून काढते. नव्याने बसणाऱ्यांसाठी हे थोडं.

काही पानांवर अक्षरांची जाळीच दिसते. कागद आणि टपाल दोन्ही वाचवायला लोक पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच मजकुरावरून काटकोनात लिहीत. चित्र मोठं करा आणि एकाच दिशेच्या ओळी वाचा, दुसऱ्या दिशेकडे अजिबात बघू नका. पाचेक मिनिटांत नजर बसते. मग चित्र फिरवा. सही सापडत नसेल तर पहिल्या पानाचा समास बघा, शेवट पुष्कळदा तिथे कोंबलेला असतो.

तारीख जपून. पीझ आणि वेब क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. ही मंडळी महिन्यांची नावं टाळून आकडे लिहीत. '6वा महिना, 9' म्हणजे 9 जून. ते 6 सप्टेंबर धरलंत, तर 12 जून 1840 ला सुरू झालेल्या गुलामगिरीविरोधी लंडन अधिवेशनाआधीचं पत्र नंतरचं ठरेल, आणि स्त्री-प्रतिनिधींना बसू न दिल्याचा संताप त्यात का नाही, हे कळणार नाही.

त्याच वर्षी जुलैत क्युनार्ड कंपनीच्या आगबोटी लिव्हरपूल-हॅलिफॅक्स-बॉस्टन धावू लागल्या. प्रवास साधारण दोन आठवड्यांचा, म्हणजे उत्तर यायला महिना. ब्रिटानिया, अकेडिया अशी बोटींची नावं दिसली की टिपून ठेवा, आणि वहीत प्रत्येक पत्रापुढे लिहा: लिहिणाऱ्याला तोवर काय कळलेलं असू शकेल? 1846 मध्ये न्यूकॅसलच्या रिचर्डसन नणंद-भावजयींनी पुढाकार घेऊन गुलामगिरीतून पळून आलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांची मालकाला 150 पौंड देऊन सुटका करवली. पैसे मोजणं म्हणजे माणूस हा माल आहे हे कबूल करणं, असं म्हणणारे सोबतीही होते. त्यांतल्या हेन्री राइट यांनी डॉनकास्टरहून 12 डिसेंबरला हरकत लिहिली, डग्लस यांनी मँचेस्टरहून 22 ला उत्तर दिलं. बॉस्टनला मात्र ही पत्रं पुढच्या वर्षी पोचली.

सामानाच्या याद्या कंटाळवाण्या म्हणून सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. बॉस्टनच्या वार्षिक बाजारासाठी ब्रिटन-आयर्लंडच्या बायका भरतकाम, विणकाम पेट्या भरून पाठवत. मारिया वेस्टन चॅपमन तो बाजार उभा करत, आणि त्या पैशावर चळवळीचं वर्तमानपत्र चाले. यादीतली प्रत्येक वस्तू उतरवा. शब्द लागला नाही तर अंदाज न करता जागा मोकळी सोडा. तोच हात दहा पत्रांनंतर तो शब्द स्वच्छ लिहिलेला दाखवतो.