पथकात पद पाहिजे? मग ढोल खाली ठेवायची तयारी ठेवा

दरवर्षी नदीपात्रात सराव सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात नवीन पोरापोरींचे दोन प्रश्न ठरलेले असतात, मिरवणुकीत वाजवायला कधी मिळणार आणि कमिटीत कसं जायचं. पहिल्याचं उत्तर सोपंय, रोज या, बोटं सोलवटली तरी या. दुसऱ्याचं उत्तर मला दरवेळी उभ्याउभ्या टेम्पोच्या शेजारी द्यावं लागतं आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतेय.

मी 2014 ला पुण्यातल्या एका ढोलताशा पथकात गेले, एफवायला होते, आणि खरं सांगायचं तर मैत्रीण जात होती म्हणून गेले. इथे कुणाला पगार नाही, मानधन नाही. मंडळाकडून सुपारीचे पैसे येतात ते दोऱ्या, ढोलाची पानं (ज्यावर वाजवतो तो पडदा), टेम्पो, फेटे यात जातात आणि उरतील ते एखाद्या शाळेला किंवा वसतिगृहाला. त्यामुळे ऑफिससारखं प्रमोशन वगैरे डोक्यातून काढून टाका, इथे पत्र मिळत नाही, एक दिवस कुणीतरी म्हणतं "ताई, किल्ल्या तुझ्याकडे राहूदेत" आणि तेच प्रमोशन.

पहिली तीन वर्षं माझा समज असा होता की जो भारी वाजवतो तो पुढे जातो. आमच्यात एक जण असा ताशा वाजवायचा की त्याने तर्री, म्हणजे ताशाची सलग तडतड, धरली की रस्त्यावरचे लोक मोबाईल काढायचे, पण सराव संपला की हा गाडीला किक मारून गायब. त्याला कधीच कुणी काही विचारलं नाही. आणि एक अगदी साधा वाजवणारा मुलगा, ताल चुकायचा पण, तो रोज शेवटी थांबून ढोल मोजायचा, कुठल्या ढोलाचं पान सैल झालंय ते खडूने लिहून ठेवायचा. दोन वर्षांत तो वाद्यप्रमुख झाला आणि कुणाला आश्चर्य वाटलं नाही, ताशावाल्याला सोडून.

तर नवीन लोकांनो, ढोल ताणायला शिका. खरंच. दोघं लागतात, एक जण पाय लावून दोरी ओढतो आणि दुसरा ती सरकू नये म्हणून दाबून धरतो, हाताला वळ उठतात, आणि त्या अर्ध्या तासात जुनी माणसं जे बोलतात ते सरावात कधी बोलत नाहीत. कुठलं मंडळ वेळेवर पैसे देतं, कुठल्या चौकात ढकलाढकली होते, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. माझं पथकाचं खरं शिक्षण तिथे झालं.

2017 ला माझ्याकडे हजेरी आली. वाटतं किरकोळ काम, पण मिरवणुकीच्या यादीत कोण बसणार ते हजेरीवरच ठरतं, म्हणजे तुम्ही एका वहीमुळे शंभर जणांच्या डोळ्यावर येता. माझ्या सख्ख्या मैत्रिणीची, जिच्यामुळे मी पथकात आले तिचीच, हजेरी कमी भरली. मी दोन दिवस वाढवून लिहावे का असा विचार केला, केला म्हणजे चांगला रात्रभर केला, आणि नाही लिहिले. ती महिनाभर बोलली नाही.

पुढच्या वर्षी मला कड्याची जबाबदारी मिळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वादकांच्या भोवती दोरी धरून जे उभे असतात ते कडं. गर्दी आत येऊ द्यायची नाही, आतल्यांना पाणी द्यायचं, कोण डुलायला लागलंय ते बघायचं. आणि मी काय केलं, तर लक्ष्मी रोडवर माझा आवडता ताल सुरू झाला, एक ढोल रिकामा दिसला, दोरी दुसरीच्या हातात दिली आणि बांधला कमरेला. दहाच मिनिटं. त्या दहा मिनिटांत तिसऱ्या रांगेतली एक नवीन मुलगी चक्कर येऊन पडली, सकाळपासून उपाशी होती, आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी माझ्या खांद्यावर, ढोलाच्या मागे. तिला काही झालं नाही, लिंबू सरबत पिऊन तासाभरात हसत होती. पण प्रमुख मला ओरडले नाहीत, नुसते म्हणाले "वाजवायचं होतं तर कड्याला हो म्हणायचं नव्हतं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मिरवणुकीत जबाबदारी असेल तर मी टिपरूला, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीला, हात लावत नाही.

मग कोरोना. 2020 आणि 21 दोन्ही वर्षं मिरवणुका नाहीत, ग्रुपवर नुसते जुने व्हिडिओ. 2022 ला गोडाऊन उघडायला आम्ही पाच जण होतो, उंदरांनी दोऱ्या कुरतडलेल्या, ताशांचे नटबोल्ट गंजलेले, तीन रविवार त्यात गेले. त्या पाचातले चार जण आज कमिटीत आहेत. निवडणूक वगैरे काही झाली नाही.

आता 2024 चं सांगते, कारण त्या वर्षी मी पहिल्यांदा मिरवणूक प्रमुख होते आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला की एका पथकात 30च जण. ढोल, ताशे, झांजा सगळे धरून 30. आमच्याकडे नावं 112. गणपती बसले 7 सप्टेंबरला, विसर्जन 17 ला, आणि मी रोज रात्री ऑफिसमधून आल्यावर एक्सेल उघडून बसायचे, सहा ताशे, वीस ढोल, दोन झांजा, दोन ध्वज, झाले तीस, आणि उरलेल्या 82 जणांना काय सांगू? सगळ्यात आधी स्वतःचं नाव खोडलं, ते सोपं होतं. मग ठरवलं की निकष आधी सगळ्यांसमोर वाचायचे आणि यादी नंतर, म्हणजे हजेरी, मग किती वर्षं, आणि नवीन मुलांसाठी पाच जागा राखीव. मीटिंगमध्ये रडारड झाली, दोघांनी ग्रुप सोडला. पण "आपली माणसं घेतली" असं कुणी म्हणालं नाही, निदान तोंडावर तरी.

आणि 12 तारखेला, पाच दिवस उरले असताना, सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली! यादी गेली केराच्या टोपलीत. मी एक मेसेज टाकला, सगळ्यांनी यायचं. 104 आले. जे आले नाहीत त्यांना मेसेज पुरेल असं वाटलं, ती माझी दुसरी मोठी चूक, कारण ज्याला यादीतून वगळल्याचं लागलंय त्याला फोन करायचा असतो, घरी जायचं असतं. एक मुलगी त्यानंतर परत आलीच नाही. नंतर केला फोन, तिने छान बोलून ठेवला.

पैशांचं थोडक्यात. टेम्पोची पावती, चहाची पावती, सगळं त्याच रात्री फोटो काढून ग्रुपवर टाका. ज्याच्या पावत्या असतात त्याच्याकडेच लोक पुढच्या वर्षी पेटी देतात, बाकी भाषणं करणारे बरेच येऊन गेले.

लोक विचारतात वाजवायची आठवण येत नाही का. येते ना. अलका चौकात शिट्टी तोंडात धरून उलटं चालत असते मी, तोंड पथकाकडे, पाठ गर्दीकडे, आणि बोटं आपोआप मांडीवर ताल धरतात. सराव संपल्यावर कधीकधी सगळे गेले की पाच मिनिटं एक ढोल वाजवून घेते, तेवढ्यासाठी वॉचमन काका थांबतात बिचारे.

असो. यंदाच्या नवीन लोकांसाठी, पहिल्या दिवशी येताना नखं कापून या, खाऊन या, आणि बोटांना लावायची चिकटपट्टी स्वतःची आणा, माझी दरवर्षी तिसऱ्या दिवशी संपते.