स्टीअरिंग जड व्हायचं, दोष निघाला छोट्या बॅटरीत

आर्णीहून यवतमाळला जाताना माझ्या इलेक्ट्रिक कारचं स्टीअरिंग मध्येच दगडासारखं जड व्हायचं आणि पिवळा दिवा लागायचा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, स्टीअरिंगची अख्खी रॅक (चाकं वळवणारा भाग) बदला. मला पटलं नाही. रॅक झिजली असती तर ती बंद-चालू करून बरी झाली नसती.

स्टीअरिंगला जोर देणारी मोटर बहुतेक अशा गाड्यांत १२ व्होल्टच्या सर्किटवर चालते. त्यामुळे गाडी पळवणारी मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची छोटी कमजोर असेल, तर स्टीअरिंग दगा देऊ शकतं. आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात लेड-ॲसिड बॅटरी लवकरच थकते.

गावात ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्या भाऊंनी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी छोट्या बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला. ११.८ व्होल्ट! भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी चालू केल्यावर आकडा १४ वर गेला, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणारा कन्व्हर्टर धडधाकट होता. निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरा थर, क्लॅम्प सैल. टर्मिनल घासलं, त्याच क्षमतेची नवी बॅटरी बसवली, क्लॅम्प आवळला. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी जाड केबलला मात्र अजिबात हात लावू नका, तिथे जीवघेणा करंट असतो.

त्यानंतर दिवा लागला नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी टायरची हवा आणि अलाइनमेंट बघा.