रब्बीतले उंदीर: बंदुकीचा नाद सोडा, बिळं गाठा

सोयाबीन, भात, बाजरी निघाली की शिवारातला उंदीर उपाशी राहत नाही, तो शेजारच्या रब्बीत शिरतो. हरभरा, गहू, शाळू नुकता उगवलेला असतो आणि बांधावर ताज्या मातीचे ढिगारे दिसू लागतात. याच दिवसांत गावोगावी बंदुकीचा विषय निघतो. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ फिरतात: पॉइंट टू टू (.22) म्हणजे बारीक गोळीची रायफल, वर दुर्बीण, एका गोळीत एक जनावर. आपल्याकडेही असं काही करता येईल का, असं तरुण शेतकरी मनापासून विचारतात, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

त्या रायफली चालतात त्या अमेरिकेच्या माळावर प्रेअरी डॉग नावाच्या, बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या जनावरावर, नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या कुरणात सशांवर. ती जनावरं उजेडात किंवा तिन्हीसांजेला उघड्यावर चरतात. आपला उंदीर रात्री निघतो, पिकाच्या आडून चालतो आणि दिवसभर जमिनीखाली असतो. शिवाय बंदुकीने तिथलाही प्रश्न मिटलेला नाही. 1859 मध्ये व्हिक्टोरियात सोडलेले ससे पुढे ऑस्ट्रेलियाभर पसरले, आणि 1950 मध्ये त्यांच्यात मुद्दाम रोगाचा विषाणू सोडावा लागला. तिथला जाणता शेतकरी आजही सशांची बिळं यंत्राने उकरून मोडतो, रायफल हाती घेतो ती उरल्यासुरल्यांसाठी.

धोका तर मोठाच आहे. पॉइंट टू टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण मोकळी सुटली तर दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते, आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलतीकडे वळते. रब्बीत रात्री कोण मोटार चालू करायला गेलेलं असतं, कोण माळ्यावर राखणीला झोपलेलं असतं. कायद्याचंही पाहा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी सोय आहे ती ठासणीच्या बंदुकीची. पॉइंट टू टूचं नाव तिथे येतं ते रायफल क्लबच्या सभासदाच्या नेमबाजीच्या सरावासाठी. ससा, रानडुक्कर, नीलगाय, मोर यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यांनी नुकसान केलं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि वनविभागाकडे अर्ज द्या, बंदूक किंवा करंटची तार लावू नका. करंटच्या तारेने माणसं मेली आहेत.

आता खरं काम. उंदरांची मोहीम एकट्याने केली तर फुकट जाते. तुमचं रान साफ झालं की आठवड्याभरात शेजारचे उंदीर रिकाम्या बिळांत येऊन बसतात. निदान एका ओढ्यापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंतच्या सगळ्यांनी एकाच दिवशी सुरुवात करावी. वेळ आत्ताचीच, पीक निसवण्याआधीची. एकदा दाणा चिकात आला की ताटातलं सोडून उंदीर तुमच्या आमिषाकडे कशाला येईल?

संध्याकाळी बांध, पाटाच्या कडा आणि उसाच्या कडेची सगळी बिळं चिखलाने लिंपून घ्या. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. इथे एक चूक हमखास होते. सगळ्यात जास्त नासधूस करणारा काळपट, आखूड तोंडाचा उंदीर आपल्या बिळाचं तोंड स्वतःच मातीने बुजवतो, म्हणून ते रिकामं समजून सोडलं जातं. त्याची खूण म्हणजे तोंडाशी पडलेली भुसभुशीत मातीची रास. ती पायाने सपाट करा. सकाळी वर ओलसर, ताज्या मातीचे दाणे आले असतील तर मालक घरात आहे.

चालू बिळांत लगेच विष टाकू नका. उंदीर नवं खाणं आधी चाखून पाहतो, आणि पोट दुखलं तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. आधी दोन-तीन दिवस भरडलेल्या ज्वारी-गव्हाला थोडं गोडेतेल चोळून साधं आमिष द्या. चटक लागली की झिंक फॉस्फाईडचं आमिष: 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम तेल, 20 ग्रॅम औषध. संध्याकाळी प्रत्येक चालू बिळात सुमारे 10 ग्रॅमची कागदी पुडी आत सरकवून तोंड पाल्याने झाका.

हे औषध अतिशय जहाल आहे आणि त्यावर उतारा नाही. पोटात गेलं की त्यातून विषारी वायू सुटतो. हातमोजे आणि तोंडावर रुमाल हवाच, मिसळायला काठी घ्या, घरातलं पातेलं कधीही वापरू नका. आमिष कोरडं ठेवा, आभाळ आलं असेल तर त्या दिवशी टाकू नका. पोरं, कुत्री, कोंबड्या दोन दिवस त्या बाजूला फिरकू देऊ नका. सकाळी मेलेले उंदीर फावड्याने गोळा करून खोल पुरा. कुणाच्या पोटात औषध गेल्याची शंका आली तर डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. बिळात विषारी वायू सोडणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मात्र शेतकऱ्याने हाताळूच नयेत, कुणी कितीही खात्री दिली तरी.

आठ-दहा दिवसांनी बिळं पुन्हा लिंपा. जी उघडतील तिथे झिंक फॉस्फाईड परत चालणार नाही, वाचलेले उंदीर शहाणे झालेले असतात. तिथे 0.005 टक्के ब्रोमॅडिओलोनची तयार वडी ठेवा. तिचा परिणाम चार-सहा दिवसांनी होतो, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. यावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.

सोबत बांधावरचं गवत काढा, आणि मोठे बांध जमतील तेवढे अरुंद करा. रुंद, गवताळ बांध ही उंदरांची वसाहतच असते. गव्हाणी घुबडासाठी शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे लाकडी मचाण उभे करा, रात्री त्यावर बसून ते शिकार करतं. धामण दिसली तर मारू नका, ती बिळात शिरून पिल्लांसकट साफ करते. विषाने अर्धमेला उंदीर या दोघांच्या पोटात गेला तर तेही दगावू शकतात, म्हणून मेलेले उंदीर उचलायचं काम टाळू नका.

पडलेला ऊस शेजारी असेल तर त्याच्या कडेने वड्या ठेवाच. तोडणी सुरू झाली की तिथले सगळे उंदीर तुमच्या गव्हाकडे धाव घेतात, म्हणून कारखान्याची टोळी येण्याच्या आठवडाभर आधी ते काम आटपा.